भितीतली परटी

भूतखेत, अंगात येनं, हे मी जल्मात मानलं नाही. मसनाले लागून वावर होतं आमचं, एकटीनं कापूस वेचला तिथं… कधी काही दिसलं नाही. म्हनून हे सांगावं का नाही, असं लई दिवस वाटलं. मले लिहिता येत नाही. मी सांगून राह्यली, पोरगी शोभा लिहून राह्यली.

आर्णीपासून आत आमचं गाव. त्या वर्साले बोंडअळीनं कापूस पुरा खाल्ला होता. पन घरावरचे कवेलू गळत होते, अन् सून नुकतीच बायतीन झालती. तवा पोरानं, विलासनं ठरवलं — तीन बाजूचे बांबूचे तट्टे काढून नव्या भिती, ईटाच्या. चवथी जुनी मातीची तशीच ठेवाची. अन् वर लोखंडी गर्डर टाकून फरशीचं छत. गर्डरचं एक टोक जुन्या भितीवर. तिच्याच बुडाशी नातीचा पाळना.

मिस्तरी म्हने, "बुढीमाय, दीड हात जाड भित हाय. हत्ती चढवा!"

शोभा यवतमाळले इंजिनेराच्या हापिसात नकाशे काढते. हापिसचा लॅपटॉप घेऊन आलती. त्यात घर काढाची तऱ्हाच येगळी — भित म्हनजे नुसती रेघ नाही, थर असते. पलस्तर, ईट, पलस्तर. छताचे बी तसेच — गर्डर, फरशी, वर सिमिट. अन् भित मंधातून कापून पाहाता येते, पोळीचे पदर उकलावे तशी. जुन्या भितीले तिनं एकच थर देल्ला — माती.

दुपारी तिकडं मिस्तरी गर्डर चढवून राह्यला होता, इकडं शोभानं ती भित कापून पाह्यली. तीन थर! माती, मंधात काहीतरी, मंग माती.

"हे मी टाकलं नाही," ती म्हने. खोडलं. पुन्हा आलं. पुरी भित काढून नवी टाकली… तरी तेच.

"नाव काय लिवलं त्याले?" विलासनं इचारलं.

"पी, ए, आर, टी, आय… पार्टी."

विलास हासला. "भितीत पार्टी! मटन शिजलं का वो इंजिनेरबाई?"

"दादा, चेष्टा नको करू. हे इथं यालेच नाही पायजे."

मी बाजूले लसून सोलत होती. म्हनलं, "शोभे, तोडून वाच बरं."

"पर… टी."

मी लसून बाजूले सारला. कापसाच्या झाडाले सारं गाव पराटी म्हनते. परटी म्हननारा एकच मानूस होता — शोभाचे बाबा. जीभच तशी वळे त्यायची. बाया मले चिडवत, "आली वो परटीवाल्याची!" ते गेले तवा शोभा कडेवर होती, विलास रांगून उठलेला. तिले हा शब्द कोन सांगनार?

"विलास, काम थांबव. सुनेले अन् नातीले आंगनात घे. भित फोडून पाहा."

"माय, येडी झाली का तू? गर्डर अर्ध्यात लटकून हाय! कायले फोडू?"

"तुह्या बापानं सांगतलं म्हनून."

माह्या तोंडून ते कसं निंघालं, मले ठाव नाही. पोरानं लोखंडी सब्बल घेतली.

वरची माती टनक होती. मंग सब्बल एकदम आत गेली, पुरीच्या पुरी… अन् भुसा गळाले लागला. आत पराटीच्या पेंड्या होत्या, बांधून रचलेल्या, उदईनं पोखरलेल्या. एका काडीले सुकलं बोंड तसंच. मिस्तरी वरून उतरला. भितीत हात घातला अन् म्हने, गर्डर खाली घ्या.

तवा मले उमगलं. पहिल्या बायतपनाले मी माहेरी होती. हे घर तवा नुसत्या तट्ट्याचं. माह्या बाबानं निरोप धाडला — दीड हाताची भित उभी झाल्याशिवाय लेक धाडत नाही. शोभाच्या बाबानं भित उभी केली. बाबानं हातानं मापली, खुश झाले. मंधात काय भरलं, हे यायनं मले मरेपर्यंत सांगतलं नाही. दर दिवाळीले मी ती सारवली. जुनं छत लाकडी खांबावर होतं, भितीवर भार कधी पडलाच नाही. म्हनून कोनाले कळलं बी नाही.

शोभाचे सायेब म्हनले, दुसऱ्या नकाशातला थर चुकून आला असन. असन बाप्पा. पन दुसऱ्या नकाशात परटी कोन लिवन?

ती भित पाडली, ईटाची बांधली. पाळना तिथंच टांगला. शोभा यवतमाळले निंघाली तवा मी म्हनलं, "एक डाव अजून उघड ना ते."

तिनं भित कापून दाखवली. पलस्तर, ईट, पलस्तर.

"अजून पाहा. मंधात."

"काही नाही, माय."

ते कसं आलतं, मले आजबी कळलं नाही. मी त्या काचीकडं पाहातच राह्यली… तिची यष्टी हुकली.