पाण्याच्या पाळीचा कागद

बी.ए. होऊन मी घरी परतलो तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची पेटी, राज्यशास्त्राच्या वह्या आणि नाकावरचा राग एवढीच मिळकत होती. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. नव्या राज्याला शिकलेली पोरं पाहिजेत, असं बुलढाण्याच्या कॉलेजात येणारा प्रत्येक पाहुणा सांगून जायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. गावी आल्यावर मी अर्जांवर अर्ज धाडले. पोस्टमन रोज आमच्या दारापुढून सायकल न थांबवता निघून जायचा.

आमचं गाव दुसरबीडपासून पायी तासाभराचं. घरी भाजीपाल्याचा मळा. वडिलांनी आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी माझ्या हातात फावडं दिलं. दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की पाटाचं पाणी दुसऱ्यात वळवायचं. मला ते जमेना. मी एकीकडे माती लावायचो तर पाणी दुसरीकडून फुटायचं.

"बी.ए.चं पाणी आयकत नाही बे," माझा चुलतभाऊ बांधावरून हसायचा. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला सातवीतून काढून मळ्यात घातलं होतं आणि मला शिकायला ठेवलं होतं. त्याच्या हसण्यात ते सगळं असायचं, आणि मला ते कळत असूनही मी चिडायचो.

विहीर चार घरांची. वडिलांचे सगळ्यात थोरले भाऊ वारलेले, त्यांच्या मागे काकू एकटी, मूलबाळ नाही. तिला आम्ही मोठी आई म्हणायचो. दुसरं मधल्या काकांचं, तेही वारलेले, म्हणून आता चुलतभावाचं, तिसरं आमचं, चौथं धाकट्या काकांचं. विहिरीवर एक सामाईक इंजिन, आणि चार दिवसांत एकेका घराची पाळी. उन्हाळा लागला की सकाळी अडीच-तीन तासांत विहीर उपसून जायची. हे सारं आजोबांपासून तोंडी चालत आलेलं.

त्या वर्षी धाकट्या काकांकडे लग्न होतं. त्या धावपळीत त्यांनी पाळी चुलतभावाशी बदलून घेतली, आणि मागाहून कोणाची कोणाला द्यायची राहिली यावरून दोघांत जुंपली. फावडी उचलण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा वडील मध्ये पडले आणि म्हणाले, "भांडता काऊन? आपल्या घरात बी.ए. हाय. तो कायद्यानं लिहून देईल."

मी दोन दिवस घासून तो कागद लिहिला. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. चारही घरांना समान हक्क. सूर्योदयापासून पुढील सूर्योदयापर्यंत विहिरीतील समस्त जल त्या दिवसाच्या हिस्सेदाराच्या स्वाधीन राहील. पाळीची अदलाबदल करता येणार नाही. चारही हिस्सेदारांच्या संमतीवाचून या कागदात बदल होणार नाही. मारुतीच्या पारावर मी तो खड्या आवाजात वाचून दाखवला. दोन सह्या, दोन अंगठे. चुलतभावाने कागद परत हातात घेऊन एकेक अक्षर लावत वाचला आणि मग सही केली. अंगठ्यांतला एक मोठ्या आईचा. वडिलांनी कागद घरी नेऊन पेटीत माझ्या पदवीच्या कागदावर ठेवला, आणि भेटेल त्याला सांगत सुटले की पोराचं शिक्षण कामी आलं.

पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी मोठी आई अंगणात आली. पदराखालून तिने कांद्याचा एक गोंडा काढला. ती कांद्याचं बी करायची. पांढऱ्या फुलांचे गोल गोंडे, त्यात काळं बी भरतं. तिच्या बियाला पार बीबी गावापासून माणसं यायची, कारण तिचं बी उगवतंच असा लौकिक होता, आणि त्या एका पिकावर तिचं वर्ष निघायचं. तिने गोंडा तळहातावर चोळला आणि माझ्यापुढे धरला. बी दिसायला काळं होतं, पण नखाने दाबलं की आत काही नव्हतं.

"दाणा भरायचे दिवस हायेत," ती म्हणाली. "आणखी आठ दिवस असंच राह्यलं तर सारंच पोचट निंघते."

"तुझी पाळी नाही का मिळत?"

"मियते ना. पण माहं वावर शेवटाले. पाणी जाऊ जाऊ अर्धं पाटातच मुरते. दुपारचं होतं तवर भागत होतं."

दुपारचं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. सकाळी विहीर उपसली की दुपारपर्यंत झऱ्यांनी पुन्हा गुडघाभर पाणी साचायचं. ते पाणी, पाळी कोणाचीही असो, रोज मोठ्या आईचं. थोरले काका गेले तेव्हापासून. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोललंही नव्हतं. सगळे इंजिन बंद करून जेवायला निघून जायचे आणि ती येऊन आपल्या वावरात पाणी सोडायची. मी शाळा-कॉलेजात असताना हे होत आलं, आणि आता दुपारी मीही सगळ्यांबरोबर जेवायला घरी जायचो, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं. मी कोणाला विचारलंही नाही. 'समस्त जल' लिहून मोकळा झालो, आणि तेव्हापासून जो तो आपल्या पाळीला दुपारचं पाणीही ओढू लागला, आमचं घरसुद्धा.

मी तसाच विहिरीवर गेलो. त्या दिवशी चुलतभावाची पाळी होती. भर दुपारी इंजिन चालू होतं आणि पाणी त्याच्या नव्या भुईमुगात जात होतं.

"हे पाणी मोठ्या आईचं आहे," मी ओरडलो.

त्याने शांतपणे इंजिन बंद केलं. "कुठं लिवलं हाय? दाखव."

"लिहायचं राहिलं. आपण कागद दुरुस्त करू."

"चारी जणाईची संमती पाह्यजे. तुनंच लिवलं. माही नाही." तो जवळ आला. "माहे लेकरं हायेत, भुईमूग वाळून राह्यला. तू शिकला म्हणून तुनं लिवलं. मी नाही शिकलो, म्हणून जसं लिवलं हाय तसंच वागतो. आता काऊन तोंड वाकडं करतं?"

माझ्याच वाक्यांनी त्याने मला बांधून घातलं होतं. घरी येताना मी त्याला, त्या कागदाला आणि कॉलेजातल्या सगळ्या टाळ्यांना शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशीची पाळी आमची होती. मी वडिलांना म्हणालो की उद्याचं सगळं पाणी मोठ्या आईला देऊ.

आमची वांगी तेव्हा ऐन तोडीवर होती. वडिलांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली. "अदलाबदल करता येत नाही म्हंते ना तुहा कागद?"

"हाव."

"मंग?"

"मोडू."

"म्या साऱ्या गावाले सांगतलं, पोराचं शिक्षण कामी आलं म्हणून." ते माझ्याकडे पाहत नव्हते. मला रडू आलं. बावीस वर्षांचा घोडा, पण आलं. मी तोंड फिरवलं.

सकाळी आम्ही दोघं विहिरीवर पोचलो तेव्हा चुलतभाऊ आधीच उभा होता. इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल त्याच्या हातात होतं. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

"पाणी तुमच्या मळ्यात नेत असान तर घ्या," तो वडिलांना म्हणाला. "तिकडं सोडान तर कागद मोडला. उद्या मी बी मोडतो, परवा काका मोडतीन. मंग कोणाची पाळी कोणाची राह्यते?"

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. धाकटे काका तेवढ्यात आले आणि बाजूला उभे राहिले. त्यांच्या हातात फावडं होतं. मी वडिलांच्या पुढे झालो. हँडल लोखंडी, हातभर लांब. त्याची मूठ आवळलेली होती.

"कागद चुकीचा आहे," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मी विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. तुला मारायचं तर मला मार, पण पाणी आज तिकडं जाईल."

मोठी आई पाटाच्या कडेने धावत आली. "राहू द्या रे," ती चुलतभावाला म्हणाली. "नेऊ दे त्याईले पाणी त्याईच्याच मळ्यात. माह्यासाठी डोकी फोडू नका." तिने त्याच्या मनगटाला हात लावला. लहानपणी तिनेच त्याला सांभाळलं होतं. तो हँडल मातीत टाकून वळला आणि निघून गेला.

वडिलांनी इंजिन सुरू केलं. मी फावडं घेऊन मोठ्या आईच्या वावरात दारं धरली. पहिल्याच वाफ्याला पाणी फुटलं. "पायानं दाब," ती म्हणाली, "मंग माती टाक." मी फुटलेल्या जागी पाय रोवून उभा राहिलो, आणि पाणी थांबलं.

"पारावर मी वाचलं तेव्हा तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मले समजलंच नाही तू काय वाचत होता ते. मोठे मोठे शब्द होते." ती माती ओढत होती. "पण तू आपला होता. म्हणून अंगठा देल्ला."

त्या दुपारपासून झऱ्यांचं पाणी पुन्हा तिला सुटू लागलं. चुलतभावाच्या पाळीलाही. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, पण दुपारी इंजिन बंद करून जायचा. कागदाचं नाव परत कोणी काढलं नाही.

निम्मं पीक मात्र गेलंच होतं. एप्रिलात ती सुपाने बी पाखडत होती आणि मी पोती धरत होतो. पोचट बी वाऱ्यावर उडून माझ्या अंगावर येत होतं. बीबीचं एक दरवर्षीचं गिऱ्हाईक आलं. तिने त्याला दोन पोती वेगळी दाखवली आणि स्वतःच म्हणाली, "हे नेऊ नका. उगवणार नाही."

"तुमचं बी अन् उगवणार नाही?" तो चकित झाला. "काय झालं काय?"

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पाणी कमी पडलं यंदा," ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे बोट केलं. "हे कोण?"

"माह्या दिराचा पोरगा," मोठी आई म्हणाली, आणि सूप खाली ठेवून तिने पदराने माझ्या खांद्यावरचा भुसा झटकला. "बी.ए. झाला हाय."