तोंडाला सुटलेलं पाणी
परवा भाजीवाल्याकडे आवळे दिसले आणि बोरिवलीच्या घरातली ती दुपार आठवली. घशाच्या कॅन्सरसाठी दिलेल्या रेडिएशनने माझ्या नवऱ्याचं तोंड पार कोरडं पडलं होतं. वरणभातही पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावा लागायचा, म्हणून तो माझ्यासमोरसुद्धा जेवायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, "आंबट काहीतरी चावत राहा. चावणं आणि चव नसांमधून मेंदूला कळली, की तोच लाळेच्या ग्रंथींना उठवतो." मी आवळ्याची पातळ फोड त्याच्यापुढे धरली. "तू पण घे ना," तो म्हणाला, "एकटाच चावत बसलो की बकरीसारखं वाटतं." माझ्या तोंडाला तर फोड उचलतानाच पाणी सुटलं. तो डोळे मिटून बराच वेळ चावत राहिला. खाली शाळेची बस हॉर्न देत होती. मग त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात एक बारीक थेंब चमकला. मी पुसायला हात पुढे केला, तर त्याने तो धरला. "राहू दे गं," तो म्हणाला, "आहे तर दिसू दे." त्या रात्री आम्ही दोघं बरोबर जेवलो, अगदी सावकाश. आता तो नाही. मी ओट्यापाशी उभी राहूनच जेवते, आणि एकटीचं जेवण फार पटकन संपतं.