बर्फावर चढणारी टगबोट

सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या आमच्या ब्लॉकमधले ते गृहस्थ खाली खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरला भेटले की लिंबूपाणी मागवतात, पण पीत नाहीत. "वहिनी, बघा हं!" म्हणत चमचा ग्लासातल्या बर्फावर टेकवतात. "टगबोट नुसती धडक देत नाही. वर चढते आणि स्वतःच्या वजनानं फोडते!" दाब जरा जास्त होतो आणि लिंबूपाणी माझ्या ओढणीवर. स्टॉलवाली आंटी ओरडते, "अंकल, ड्रिंक फर्स्ट लाह!"

ते इथल्या एका शिपयार्डमध्ये बोटींचं डिझाइन करतात. बारा महिने घाम काढणाऱ्या या बेटावर बसून त्यांनी एका थंड देशाच्या तटरक्षक दलासाठी जहाजं ओढणारी, बर्फ फोडणारी छोटी टगबोट आखली. गोठलेला समुद्र मात्र त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. बोट रवाना झाली आणि त्यांचा चमचा थांबला. "बर्फ नाहीच फुटला तर?" एवढंच विचारायचे.

परवा हॉकर सेंटरमध्ये ते अक्षरशः धावत आले. "वहिनी, व्हिडिओ आला!" बोटीचं टोक पांढऱ्याशुभ्र बर्फावर चढलं, क्षणभर तिथंच अडलं, आणि "फुटला! फुटला!" म्हणून त्यांनी असा आरडाओरडा केला की काही न कळता आंटीही टाळ्या वाजवायला लागली.

मग त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावून फोन कानाशी धरला, डोळे मिटले.

"बर्फाची जाडी माहीत होती, बोटीचं वजन माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "पण वहिनी, फुटताना तो एवढा ओरडतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं हो."