सर्दीत सुई नको

रहिमाबी मनियारीण दर पंधरा दिवसांनी आमच्या दर्यापूरच्या गल्लीत यायची. बांगड्यांची टोपली ओट्यावर ठेवली की आधी पाणी मागायची. मग माझा हात दाबत म्हणायची, "बी.एस्सी. झालेला हात हाये, मायबाई! यानं कापूस काई येचला नाई. बांगडी आपोआप जाते."

येवदा, थिलोरी, पिंपळोद, सगळीकडे तिची फेरी असे. हात तिच्या हातात असला की बाईला उठून जाता येत नाही. ऐकावंच लागतं. त्यामुळे एका गावचं बोलणं तिच्याबरोबर दुसऱ्या गावी जायचं.

२००७ ची दिवाळी. कापूस नीट आला नव्हता, बायका दोन-दोनच बांगड्या भरत होत्या. माझ्या मनगटावर बांगडी चढवताना तिनं विचारलं, "बेटी, आमच्या उजैरले नववा महिना भरला. नर्सबाई गोवराच्या सुईले बलावून राहिली. पण नातवाले सर्दी हाये. देऊ का नको?"

"सर्दीत सुई नको. बरा झाला की द्या," मी म्हणाले.

हे मी कुठे वाचलं होतं, आठवत नाही.

सर्दी गेली तेव्हा उजैरची आई शाइस्ता तुरी सोंगायला जात होती, त्याला न्यायला कोणी नव्हतं. नर्स पुन्हा आली तेव्हा पुन्हा सर्दी होती. फाल्गुनात त्याला गोवर निघाला, मग छाती भरली. अमरावतीला नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. रहिमाबीनं हे मला टोपलीतल्या बांगड्या निवडत सांगितलं. मधेच विचारलं, "हिरव्या देऊ का लाल?"

चैत्रात माझ्या लेकीला, रागिणीला नववा भरला. तिचं नाक वाहत होतं. पुढची तारीख मागायला म्हणून मी दवाखान्यात गेले. इंदूबाई नर्स म्हणाली, "एवढ्याशा सर्दीनं काई होत नाई. कोनं सांगतलं तुमाले?" आणि तिनं लस दिली. थोडा ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला.



त्याच आठवड्यात शेजारच्या कौशल्याच्या ओट्यावरून रहिमाबीचा आवाज आला. "लेकराले सर्दी हाये ना? मंग सुई नको. शिकलेल्या बाईनं सांगतलं हाये मले."

ती माझ्याकडे आली. मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "रहिमाबी, मी चुकीचं सांगितलं होतं. साध्या सर्दीत लस देता येते."

"म्हंजे उजैरले देता आली असती?"

"हो."

तिनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "थिलोरीत दोघीले सांगतलं मी. येवद्यात एकीले. पिंपळोदले एकीले." उठून कौशल्याच्या दारात गेली. "ए पोरी, मघाशी मी बोलली ते चूक हाये. घे लेकरू. चाल माह्यासंगं, इंदूबाई बसली असन."

त्या दिवशी तिनं गल्लीत कुणालाच बांगड्या भरल्या नाहीत. दवाखान्यातून परस्पर जीपनं थिलोरीला गेली.

पंधरा दिवसांनी आली. पाणी मागितलं.

"तिघीले सांगून आली, पिंपळोदची राह्यली," म्हणाली. "माहेरी गेली ते, अकोल्याकडं. गाव कोनाले मालूम नाई."

त्या लेकराचं नाव तिला माहीत नव्हतं. तिनं सुई नको सांगितलं तेव्हा नववा भरला होता, एवढंच माहीत होतं.

आता त्याला अकरावा लागला असेल.