ताईंना पुरेल असा फोन

मोबाइलवर ‘स्टोरेज भरलं’ असं आलं की अजूनही धाराशिवच्या त्या दुकानातला अगरबत्तीचा वास नाकात शिरतो आणि डोकं तापतं. अंगणवाडीच्या मानधनातून मी पहिला फोन घेत होते. पैसे माझ्या पर्समध्ये, आणि दुकानदार बोलत होता माझ्या नवऱ्याशी. भरपूर जागेचा मोठा फोन मी हातात घेतला, तर म्हणतो, “साहेब, ताईंना एवढा कशाला? ह्यो बारका घ्या, हातात बसतो, स्वस्त बी हाय.” मी म्हटलं, “मला रोज पोरांच्या वजनाचे फोटो काढून पाठवावे लागतात.” नवरा हसला. “काढून काढून किती काढशील?” चारचौघांत तमाशा नको म्हणून मी गप्प बसले, तिथंच चुकले. काही महिन्यांत तो फोन भरला. एकदा वजनकाट्यावर एक पोर रडून लाल झालं होतं आणि फोटो निघेना, म्हणून माझीच लेक पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ मी पुसला. परवा लेकीनं तोच व्हिडिओ मागितला. म्हटलं, “तुझ्या बापाला माग.”