आप्पांनी बांधलेला जोड

मी शिकलेला गाढव आहे, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आणि बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्याच गच्चीवरची अँटेना मला महिनाभर फिरवता आली नाही.

हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या यंत्रावरून हवेतून एकमेकांशी बोलायचा, नाद मला माझ्या वडिलांनी, आप्पांनी लावला. निपाणीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. चिकोडी, संकेश्वरकडच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी तिथं ढिगानं यायच्या. त्याच टेबलावर बोटानं टकटक करत त्यांनी मला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची ती लिपी, शिकवला. "आधी बोटाला शिकीव, डोक्याला मागनं कळतंय," म्हणायचे. पुढं मी नोकरीसाठी बेळगावला आलो, तरी रोज संध्याकाळी सहाला आम्ही रेडिओवर भेटायचो. ऊस, कुणाचं लग्न, कुणाची मोटर, लई बोलायचे. समोर बसले किंवा फोनवर असले की मात्र दोन वाक्यांत उरकायचे. फोन हे त्यांच्या लेखी निरोप द्यायचं यंत्र.

मधल्या डोंगरांमुळं माझी अँटेना नेमकी निपाणीकडं वळलेली असली तरच त्यांचा आवाज यायचा. ती वळवायला वर खांबाला एक मोटर, आणि खाली टेबलावर तिचा कंट्रोलर. म्हणजे एक डबा, दोन बटणं आणि दिशा दाखवणारी सुई. गेल्या हिवाळ्यात अँटेना गोव्याकडं फिरवलेली असताना नेमका तो डबा बंद पडला.

त्याच आठवड्यात आप्पांच्या घशात गाठ निघाली. महिन्याभरानं ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आप्पांचा फोन आला. "हाय तवर बोलून घिऊया. डबा नीट कर."

मी डबा उघडला. आत एक आयसी, म्हणजे चिप, जळालेली. पुण्याहून नवी मागवली, त्यात आठवडा गेला. बसवली, टेबलावर तपासली, डबा ठणठणीत. वरची केबल जोडली, तर दोन मिनिटांत धूर. मग मी ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतला. तो बदलला, पुन्हा आयसी मागवली, पुन्हा धूर. तिसऱ्यांदा तर आत जादा फ्यूज घालून बसलो, तरी आयसी गेलीच. खांबावर चढून अँटेना हातानं वळवता आली असती, पण रोज वाटायचं, उद्या डबा चालूच होतोय.

मध्ये एकदा आप्पांनी फोनवर विचारलं, "गच्चीवरचा केबलचा जोड उघडून बघितलास?"

"आप्पा, तो तुम्ही बांधलाय. तो कसा बिघडेल?"

"म्हणून तर बघ म्हणतोय."

मी बघितला नाही. बारा-पंधरा वर्षांपूर्वी आप्पा स्वतः गच्चीवर आले होते. केबलचा तो जोड त्यांनी विहिरीच्या मोटरला बांधतात तसा, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून, घट्ट बांधून दिला होता. आलेल्या पाहुण्यांना मी तो कौतुकानं दाखवायचो. त्याला कात्री लावायची म्हणजे आप्पांच्या हाताला लावायची, असं मला वाटायचं. वर्गातल्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

ऑपरेशन झालं.

आप्पा घरी परतल्यावर मी एका सकाळी गच्चीवर गेलो आणि ती पट्टी कापली. उन्हानं रबर तडकलेलं होतं. आत दवाचं पाणी साठून तारा हिरव्या पडल्या होत्या, दोन तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या होत्या, म्हणून खाली दर वेळी आयसी जळत होती. अर्ध्या तासाचं काम. नवा जोड दिला, चौथी आयसी बसवली, बटण दाबलं. सुई सरळ निपाणीकडं गेली आणि तिथं थांबली. माझा मलाच इतका राग आला, की खाली येऊन जेवलोही नाही.

सहाला मी रेडिओ लावला आणि आप्पांना हाक मारली. उत्तर मोर्समध्ये आलं, इंग्रजी अक्षरांत आमची मराठी, एकेक अक्षर सावकाश. काय बिघडलं होतं, असं विचारत होते.

मी म्हणालो, "डबाच खराब निघाला, आप्पा. नवा घेतला."

मग अक्षरं येऊ लागली.

"फुकट महिना घालवलास रं. आता तू बोल. मी ऐकतोय."