एक जूनचा वाढदिवस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या पहिलीच्या गुरुजींचे. मी डिसेंबरात, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी घरीच जन्मलो. त्याची नोंद कुठेच झाली नाही. पहिलीत घ्यायला माझं वय सहा महिन्यांनी कमी पडत होतं. गुरुजींनी मला किराण्याच्या पुडीवरची अक्षरं वाचताना पाहिलं आणि शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख म्हणून माझ्या जन्मवर्षाचीच एक जून टाकली. "हुशार पोरगं आणखी वर्षभर घरी कशाला बसवता?" असं ते आईला म्हणाले. पुढे शिष्यवृत्तीचे फॉर्मही त्यांनीच भरले. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. दर एक जूनला सकाळी त्यांचा शुभेच्छांचा मेसेज यायचा.

मध्ये दोन वर्षं शिकवण्या घेऊन मी एम.एस्सी.ला आलो आणि शेवटच्या वर्षी माझा डावा कान वाहू लागला. पिंपरीतले डॉक्टर म्हणाले, आतलं हाड सडत चाललंय, उशीर केला तर कान जाईल. वडील चाकणच्या एका कारखान्यात मशीनवर. तिथल्या मेडिक्लेममध्ये मुलांची नावं पंचविशीपर्यंत असत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. भरती व्हायला गेलो, तर काउंटरवर कळलं की पॉलिसीत माझं नावच नाही.

आम्ही कंपनीच्या एचआरमध्ये गेलो. समोरचा माणूस माझ्याच वयाचा होता.

"एक जूनला पंचवीस पूर्ण, काका. सिस्टीमनेच काढलं."

"सायेब, ती शाळेतली तारीख हाय. पोरगं खरं डिसेंबरचं."

"तुमच्या लाइनवर निम्मे लोक एक जूनचेच! आम्ही केक एकदाच मागवतो." शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. "महिनाभर आधी अर्ज केला असता, तर हीच पॉलिसी याच्या नावावर चालू राहिली असती. मेल टाकला होता की."

"मेल? मी मशीनवर असतो, सायेब."

"मग ज्यांनी तारीख टाकली त्यांचं लेखी आणा. पुढे पाठवून बघतो."

ते हसू मी अजून माफ केलेलं नाही. गेटबाहेर येताच मी गुरुजींना फोन लावला.

"मी कशाला खोटी तारीख टाकीन?" ते म्हणाले. "रजिस्टरात आहे तीच खरी."

"गुरुजी, आई समोर होती."

"तुझ्या आईला काय आठवतंय! आणि मला पेन्शन आहे, बाळा." त्यांनी फोन ठेवला.

नवी पॉलिसी घ्यायला गेलो, तर जुन्या दुखण्याला तीन वर्षं थांबा म्हणाले. शेवटी वडिलांनी पीएफ काढला आणि दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. तोवर डावा कान गेला होता.

पुढच्या एक जूनला मेसेज आला: "वाढदिवसाच्या शुभेच्छा. असाच मोठा हो." मी उत्तर पोस्टाने पाठवलं.

"आदरणीय गुरुजी,

सा. न. वि. वि.

शुभेच्छा मिळाल्या. मला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. मी शिकलो तो तुमच्यामुळे, हे मी कुणापुढेही सांगेन. तुम्ही ती तारीख टाकलीत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती टाकलीच नाही असे म्हणालात आणि माझ्या आईला खोटे पाडलेत. लेखी मी पुन्हा मागणार नाही, तुमची पेन्शन सुखरूप राहो. फक्त यापुढे एक जूनला मला शुभेच्छा पाठवू नका. पाठवायच्याच असतील, तर दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी पाठवा.

तुमचा विद्यार्थी"